शंकासुरांचे दिवस

जुलै 2025मध्ये दोन बातम्या काही दिवसांच्या अंतरानं आल्या. मॉन्सूनच्या अभ्यासात हयात घालवलेल्या सुलोचना गाडगीळ गेल्या. आणि हरितगृह वायूंमुळे लोकांच्या आरोग्याला धोका आहे, हा 2009 सालचा स्वतःचाच निष्कर्ष रद्द करायचा प्रस्ताव अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं मांडला. जोडीला तिथल्या ऊर्जा खात्यानं पाच जणांकडून एक अहवाल लिहून घेतला होता. कार्बन डायऑक्साइडचा बाऊ उगाच झालाय, असा त्याचा एकंदर नूर. सप्टेंबरात ट्रम्पसाहेब संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे राहिले आणि हवामान बदल ही जगातली सर्वांत मोठी फसवणूक आहे असं सांगून मोकळे झाले.

पहिली बातमी मी घेतो त्या पेपरात आतल्या पानावर तळाशी होती. दुसरीवर मात्र चर्चा झडल्या. एका जुन्या वाचकानं मला तो अमेरिकी अहवाल धाडला आणि खाली लिहिलं, 'बघा, शेवटी मोठमोठे शास्त्रज्ञही शंका घ्यायला लागलेच.' शंका घेण्याचं काम आत्ता कुठे अमेरिकेत सुरू झालंय असं या गृहस्थांना वाटतंय, हे मला झोंबलं. शंका घेणारी माणसं आपल्याकडे होती, चांगली तालेवार होती. आपण त्यांची वासलात कशी लावली हे मी रविवार पुरवणीच्या टेबलाशी बसून पाहिलंय.

सुरुवातीची शंभर वर्षं भराभर उलटू. 1896 साली स्वीडनच्या अऱ्हेनियसनं कोळशाचा धूर आणि तापमान यांचं गणित मांडलं. 1958पासून कीलिंगनं हवाईच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तेव्हा तो दशलक्ष भागांत 315च्या घरात होता, आज 420च्या पुढे आहे. 1988मध्ये हवामान बदलाचा आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय समिती, आयपीसीसी, स्थापन झाली. ही सनावळी दहावीच्या निबंधातही असते.

नव्वदच्या दशकातली एकच गोष्ट इथं हवी. वॉशिंग्टनच्या एका संस्थेनं हरितगृह वायू सोडणाऱ्या देशांची यादी केली आणि भारताला पहिल्या पाचांत बसवलं. त्यात आपल्या भातखाचरांतून निघणारा मिथेन धरला होता. 1991 साली अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी त्या हिशेबाची सालं काढली. पोट भरण्यासाठी निघालेला वायू आणि चैनीसाठी निघालेला वायू एका तागडीत कसा घालता, हा त्यांचा सवाल होता. तिकडे शास्त्रज्ञ ए. पी. मित्रा यांनी देशभरच्या खाचरांतून मिथेन प्रत्यक्ष मोजवून घेतला, तेव्हा परदेशी आकडा जवळपास दहापटीनं फुगवलेला निघाला. म्हणजे हवामानाच्या वादात आपला पहिला प्रश्न 'हे खरं आहे का' असा नव्हताच. 'हे कुणाच्या नावावर मांडताय' असा होता. ही आपली मूळ खोड, आणि माझ्या मते चांगली खोड.

आता मी ज्या काळासाठी लिहायला बसलो त्याकडे येतो. 2002 ते 2011.

2002चा जुलै ज्यांना आठवतो त्यांना त्या महिन्याचं आभाळ आठवत असेल. देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला, हवामान खात्याच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचे तीनतेरा वाजले. ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं लंडनमध्ये अहवाल प्रसिद्ध केला: दक्षिण आशियावर तीन किलोमीटर जाडीचं तपकिरी धुराचं आवरण आहे, चुली, शेण्या, गाड्या आणि कारखाने यांच्या काजळीचं, आणि त्यानं मॉन्सूनचा पाऊस बिघडू शकतो. मागे वीरभद्रन रामनाथन आणि नोबेलविजेते पॉल क्रुट्झन यांच्यासारखी नावं. नाव ठेवलं 'आशियाई तपकिरी ढग'. ऐन दुष्काळात आयता गुन्हेगार मिळाला. आमच्या पेपरात पहिल्या पानावर तो ढग असा काही छापला होता की वाचणाऱ्यानं खिडकीबाहेर डोकावून पाहावं.

सप्टेंबरात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ यांनी 'करंट सायन्स'मध्ये त्या अहवालाची चिरफाड केली. मी तो अंक विद्यापीठाच्या ग्रंथालयात उभ्याउभ्या वाचला. सूर थंड, मुद्दे धारदार. हे धुरकट आवरण कोरड्या महिन्यांतलं आहे. पावसाळ्यात ते धुऊन जातं, मग ते पावसाळा कसा बिघडवतं हे नीट दाखवा. ज्या संगणकी प्रारूपावरून तुम्ही पावसाचं भाकीत करता, त्याला आपला मॉन्सून धड उभा करता येतो का? आणि असा धूर युरोप-अमेरिकेवरही असताना 'आशियाई' हे बिरुद आमच्याच गळ्यात का? चुलीतून काजळी निघत नाही असं त्यांनी कुठेही म्हटलं नव्हतं. हवा तापते हेही नाकारलं नव्हतं. पुराव्यानं जेवढं सिद्ध होतं तेवढंच बोला, एवढाच आग्रह. त्या प्रकल्पाच्या नावातला आशिया पुढे गळाला.

मी त्यावर लेख लिहून दिला. संपादक म्हणाले, 'अहो, पण ह्या बाई नक्की कुठल्या बाजूच्या?' मी सांगितलं, पुराव्याच्या. त्यांना ते पुरवणीच्या दृष्टीनं अडचणीचं वाटलं. लेख आठवड्यांमागून आठवडे पडून राहिला आणि मग 'तपकिरी ढगामागे परकीय हात?' या मथळ्याखाली निम्मा होऊन छापून आला. तो मथळा मी अजून विसरलेलो नाही.

26 जुलै 2005. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस. त्यावर पुढच्या वर्षी चितळे समितीनं मिठी नदीचं गटार कसं झालं, भराव कुठे पडले, हे तपशिलात लिहिलं. 2006च्याच डिसेंबरात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि सहकारी 'सायन्स'मध्ये छापून आले: 1951 ते 2000 या काळात मध्य भारतात मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे कमी झाले, आणि एकूण सरासरी मात्र जवळपास तीच राहिली. एका बाजूला नदी कुणी बुजवली याचा जबाब, दुसऱ्या बाजूला आभाळ कसं बदललं याचं मोजमाप. दोन्ही एकाच वर्षात, दोन्ही महाराष्ट्रात बसून वाचता येतील अशी. ही दोन्ही एकत्र वाचायची असतात हे ज्यांना त्या वर्षी कळलं नाही, त्यांना आजही कळलेलं नाही.

याच काळात मी गावोगावच्या व्याख्यानमालांना जायचो. प्रत्येक सभेत शंकासुर असायचेच, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, बहुधा पाटबंधारे किंवा वीज मंडळातून निवृत्त झालेले, खिशात दोन पेनं. 'डायनासोरच्या काळात मोटारी होत्या का हो?' हा सलामीचा प्रश्न. मग सूर्यावरचे डाग, मग ज्वालामुखी. एक गृहस्थ तर जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' ही कथा घेऊन उभे राहिले होते: सर तर मुंबईत बर्फ पाडतात, तुम्ही गरमीचं सांगता, तेव्हा आधी तुमचं आपसात ठरवा! सभा हसली, मीही हसलो.

पण या माणसांशी बोलायला मजा यायची, कारण त्यांना उत्तर ऐकायचं असायचं. कोळसा आणि तेल म्हणजे प्राचीन वनस्पतींचे अवशेष, वनस्पती हलका कार्बन पसंत करतात, म्हणून ते जाळलं की हवेतल्या जड कार्बनचं, कार्बन-13चं, प्रमाण घटतं. तसं ते घटतंय, आणि जाळण्यात खर्च होणारा ऑक्सिजनही हळूहळू उतरतोय, हे सांगितलं की ते मान हलवायचे. सूर्य तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. इथं खालचा थर तापतोय आणि वरचा, स्थितांबराचा, थंड होतोय, हे कार्बन डायऑक्साइडच्या पांघरुणाचंच लक्षण, म्हटलं की पाटबंधाऱ्यातले साहेब कागद मागवून आकृती काढायचे. ज्वालामुखींचा कार्बन डायऑक्साइड माणसाच्या एक टक्क्याइतकाही भरत नाही, यावर मात्र त्यांचा विश्वास बसायचा नाही. पुढच्या वर्षी तेच गृहस्थ आणखी वाचून यायचे.

2007 साली आयपीसीसीला आणि अल गोरना शांततेचं नोबेल मिळालं. तिथून वारं फिरलं. संस्थेचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी आपले, त्यामुळे अभिमानाला भरतं आलं आणि आयपीसीसीचा अहवाल पोथीसारखा डोक्यावर घेतला गेला. पोथीत मग चूक असूच शकत नाही. त्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात, आशियावरच्या दहाव्या प्रकरणात, एक वाक्य होतं: हिमालयातल्या हिमनद्या 2035पर्यंत, किंवा त्याही आधी, नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. शेकडो मीटर जाडीचा बर्फ पंचवीस-तीस वर्षांत कसा वितळेल, हे त्रैराशिक शाळकरी पोरालाही मांडता आलं असतं. मांडलं कुणी? तर विजयकुमार रैना यांनी.

रैना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त उपमहासंचालक. हिमनद्या पायी तुडवलेला माणूस. या मोजणीची पद्धत साधी असते. हिमनदी जिथं संपते, तिच्या त्या मुखासमोरच्या मोठ्या खडकावर रंगानं खूण करायची, बाण काढायचा, साल लिहायचं. दगडांची उतरंड रचायची. पुढच्या खेपेला येऊन खुणेपासून बर्फ किती मागे सरकला ते फितीनं मोजायचं. असल्या खुणांचा जुना लेखाजोखा काढून रैनांनी टिपण तयार केलं आणि 9 नोव्हेंबर 2009 रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यात होतं ते असं: बहुतेक हिमनद्या मागे हटताहेत, पण प्रत्येकीचा वेग वेगळा, गंगोत्री वर्षाला वीसेक मीटर हटत होती, ती 2007 ते 2009मध्ये जवळपास थबकली, देशात साडेनऊ हजारांवर हिमनद्या, त्यांतल्या मोजक्याच तपासलेल्या, तेव्हा एवढ्यावरून तापमानवाढीचा थेट निष्कर्ष काढता येत नाही.

टिपणात कच्चे दुवे होते, आणि ते त्याच वेळी दाखवले गेले. नुसत्या मुखावरून हिमनदीची तब्येत कळत नाही. मुख जागेवर असताना वरून बर्फ पातळ होत असतो. गंगोत्रीसारखी तीस किलोमीटर लांबीची हिमनदी आजच्या उष्म्याचा जबाब उशिरा देते. हे सगळं शांतपणे बोलता आलं असतं. पचौरींनी त्याची संभावना भोंदू विज्ञान म्हणून केली.

त्याच नोव्हेंबरात इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातून हजारावर ई-मेल चोरीला गेले. तिथले हवामानशास्त्रज्ञ आकड्यांची 'ट्रिक' केल्याचं आणि 'घसरण लपवल्याचं' आपसात लिहितात, म्हणून जगभर शिमगा झाला. घसरण तापमानाची नव्हती. झाडांच्या वाढकड्यांवरून काढलेलं तापमान 1960नंतर तापमापकाशी जुळेना, त्या कड्यांच्या आकड्यांची होती. पुढच्या वर्षी चौकशा झाल्या. लबाडी सापडली नाही, माहिती दडपून ठेवण्याच्या सवयीवर मात्र ठपका आला. तो योग्यच होता. पण चौकशीचा निकाल येईपर्यंत डिसेंबरची कोपनहेगन परिषद उधळली गेली होती आणि आमच्या पेपरातली जागाही संपली होती.

मग 20 जानेवारी 2010. आयपीसीसीनं त्या वाक्याबद्दल खेद व्यक्त केला. 2035 आला कुठून याचा माग काढला तेव्हा करमणूकच झाली. आधार होता एका निसर्गसंवर्धन संस्थेच्या 2005च्या अहवालाचा. तो अहवाल टेकला होता 1999च्या 'न्यू सायंटिस्ट' साप्ताहिकातल्या बातमीवर. बातमी होती एका भारतीय हिमनदीतज्ज्ञाच्या बोलण्यावर. आणि त्याच परिच्छेदात हिमनद्यांचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल असं जे लिहिलं होतं, ते आलं होतं कोत्ल्याकोव या रशियन संशोधकाच्या 1996च्या लिखाणातून. त्याच्याकडे साल होतं 2350, आणि तो ध्रुव सोडून साऱ्या जगाच्या हिमनद्यांविषयी बोलत होता. हिमालयात एवढं क्षेत्रच नाही.

रैना जिंकले, असं सगळीकडे छापून आलं. ते चूक. एका वाक्याबाबत ते बरोबर होते. हिमनद्यांचं कारण आणि भवितव्य याबाबत नव्हते. काठमांडूच्या पर्वतविकास केंद्रानं 2019मध्ये अंदाज दिला की तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातला एकतृतीयांश बर्फ या शतकाअखेर जाईल. 2023मध्ये त्यांनीच सांगितलं की 2011 ते 2020 या दशकात आधीच्या दशकापेक्षा बर्फ 65 टक्के अधिक वेगानं गेला. 2035 खोटं आणि वितळणं खरं, ही दोन वाक्यं एका श्वासात म्हणता येतात. त्या जानेवारीत मी तसा लेख लिहिला तेव्हा वेगळ्या संपादकांनी, पण त्याच खुर्चीवरून, विचारलं, 'म्हणजे हवामान बदल थोतांड आहे की नाही, एका ओळीत सांगा ना.' लेखाच्या बाजूला त्यांनी एका ज्योतिषाचार्यांची चौकटही टाकली, दुसरी बाजू म्हणून.

त्या दशकाचा शेवटचा मोठा शंकासुर म्हणजे यू. आर. राव. इस्रोचे माजी अध्यक्ष, विश्वकिरणांचे जाणते अभ्यासक. जानेवारी 2011मध्ये त्यांनी 'करंट सायन्स'साठी लिहिलेला निबंध पुन्हा जयराम रमेश यांनीच प्रसिद्ध केला. विश्वकिरण घटले की खालच्या थरातले ढग घटतात, ऊन जास्त पोचतं, आणि तापमानवाढीतला चाळीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा त्याचाच असावा, असं त्यांचं गणित. मोजमापांना ते मानवलं नाही. 2009च्या सुमाराला सूर्य मंदावला होता आणि विश्वकिरणांचा मारा अंतराळयुगातल्या उच्चांकावर होता. त्या हिशेबानं थंडावा यायला हवा होता, आणि 2010 हे तोवरच्या सर्वांत उष्ण वर्षांत जाऊन बसलं. सर्नच्या प्रयोगशाळेतल्या मेघ-प्रयोगांतही तेवढा परिणाम दिसला नाही. राव चुकले. पण नावानिशी, गणितासकट, इतरांना खोडता येईल अशा जागी चुकले. मंत्र्यांचं राजकारण त्यात होतं हे उघड आहे; वाटाघाटींच्या टेबलावर असे निबंध उपयोगी पडतात. तरीही वादाला जागा देणारा मंत्री म्हणून रमेश यांचं श्रेय मी नाकारणार नाही. नंतरच्या कुणी असं काही छापल्याचं आठवत नाही.

इथं अमेरिकेशी तुलना करायचा मोह होतो म्हणून करून टाकतो. नेओमी ओरेस्केस आणि एरिक कॉनवे यांनी 2010च्या पुस्तकात दाखवून दिलं की तंबाखूवर शंका पेरणारेच काही शास्त्रज्ञ पुढे हवामानावर शंका पेरत होते. 2015मध्ये एक्झॉनची जुनी कागदपत्रं बाहेर आली. कंपनीच्या स्वतःच्या संशोधकांनी सत्तरीच्या अखेरीलाच धोका सांगितला होता, आणि कंपनी बाहेर वेगळंच बोलत राहिली. आमच्या शंकासुरांना कुणी दमडी दिली नव्हती. गाडगीळ, रैना, राव आणि पाटबंधाऱ्यातले ते दोन पेनवाले साहेब, सगळे आपल्या खर्चानं शंका घेत होते. ट्रम्पसाहेबांचा अहवाल मला पाठवणाऱ्या वाचकाला हा फरक दिसत नाही. त्या अहवालाला ऐंशीहून अधिक शास्त्रज्ञांनी चारशेवर पानांचं उत्तर दिलं, तेही त्यांना कुणी पाठवलं नसावं.

2011नंतरची वर्षं मला कंटाळवाणी वाटतात. 2014च्या शिक्षकदिनी पंतप्रधानांनी मुलांना सांगितलं की हवामान बदललेलं नाही, आपली सहनशक्ती कमी झालीय. वर्षभरानं तेच पॅरिसला सौर आघाडीची स्थापना करत होते. मधल्या काळात कुठला पुरावा पुढे आला, कुणाशी वाद झाला, कुणी कुणाला पटवलं, काही नाही. मत बदललं, चर्चा झालीच नाही. 2014च्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात, विदर्भात गारपिटीनं रब्बी झोपवली, 2016ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि 'हे सगळं हवामान बदलामुळे' हे वाक्य मंत्र्यांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांच्या जिभेवर रुळलं. लातूरच्या उसाचं नाव घेणारा तेवढा आगाऊ ठरला.

2002चा वाद मिटला का? 2020मध्ये पुण्याच्या त्याच उष्णदेशीय हवामान संस्थेच्या पुढाकारानं भारताचा पहिला हवामान बदल अहवाल निघाला. 1901 ते 2018मध्ये देशाचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशानं वाढलं, मुख्यतः हरितगृह वायूंमुळे, आणि धूलिकणांनी त्यातली थोडी वाढ झाकली. 1951 ते 2015मध्ये मॉन्सूनचा पाऊस सहा टक्क्यांनी घटला, आणि त्यात धूलिकणांचा हात मोठा दिसतो. म्हणजे रामनाथन यांचा संशय बराचसा खरा होता. पण तो खरा ठरायला अठरा वर्षांचं मोजमाप लागलं, आणि असं मोजमाप करा असं ठणकावणारे गाडगीळ-श्रीनिवासन होते. हा अहवाल आमच्या पुरवणीत आला नाही. तोवर पुरवणीच बंद झाली होती.

आता व्याख्यानाला गेलो की शंकासुर येत नाहीत. हवामान बदल खरा का, असं कुणी विचारत नाही. सगळ्यांना मान्य आहे. गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीच्या सभागृहात बोललो. जुलै 2024मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरची घरं बुडाली, त्याचा विषय निघाला. अध्यक्षस्थानी एक माजी नगरसेवक. ते म्हणाले, 'सर, ग्लोबल वॉर्मिंगपुढे आपण काय करणार?' टाळ्या पडल्या. निळी पूररेषा कुठून जाते, तिच्या आत राडारोडा कुणी टाकला, सोडण्याची सूचना किती तास आधी मिळाली, हे मी विचारलं, तर आभारप्रदर्शन सुरू झालं. पूर्वीच्या रांगेतले दोन पेनवाले साहेब असते तर त्यांनी आभार मानू दिले नसते. धरणाचा विसर्ग किती, नदीची वहनक्षमता किती, हे त्यांना पाठ होतं.

सप्टेंबर 2025मध्ये मराठवाड्यात शेतं माती-पिकासकट वाहून गेली, तेव्हाही तेच कारण सर्वांच्या ओठावर होतं. असेलही. तापलेल्या समुद्रावरून जास्त बाष्प येतं, पाऊस जास्त कोसळतो, यात वाद नाही. पण त्या पावसातला किती भाग तापमानवाढीचा, किती नेहमीच्या चढउताराचा, आणि नुकसानीतला किती बुजवलेल्या ओढ्यांचा, हे वेगळं काढता येतं. जगात दहा वर्षांहून अधिक काळ असे हिशेब आठवड्या-पंधरवड्यात मांडले जातात. आपल्याकडे तो हिशेब मागणारं कुणी नाही, ना विरोधी पक्ष, ना पेपर. करू शकणारी माणसं पुण्यात पाषाणच्या त्या हवामान संस्थेत बसलेली आहेत, आणि माझ्या जुन्या कचेरीपासून तिथं जायला रिक्षानं फार वेळ लागत नाही.